जांभळं झाकण, राखाडी झाकण

परवा शेजारच्या काकू बारावी झालेल्या लेकीला घेऊन आल्या. "नीटला मार्क कमी पडले गं, आता हिनं काय करायचं?"

मी तिला सरळ आमच्या लॅबमध्ये नेलं आणि रक्ताच्या नळ्या हातात दिल्या.

जांभळ्या झाकणाच्या नळीत ईडीटीए असतं. ते रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून रक्त गोठत नाही. सीबीसी याच नळीतून.

राखाडीत फ्लोराईड. नळीत आल्यावरही रक्तपेशी साखर वापरतच राहतात. फ्लोराईड त्याला आळा घालतं.

फिकट निळीत सायट्रेट. ही खुणेपर्यंत भरायलाच हवी. 9 भाग रक्ताला 1 भाग सायट्रेट, हे प्रमाण बिघडलं की रक्त गोठण्याच्या वेळेचा रिपोर्ट चुकतो.

शिकत असताना एकदा लाल झाकणाच्या नळीत रक्त कमी पडलं, म्हणून मी जांभळीतलं थोडं त्यात ओतलं. पोटॅशियम भलतंच वाढलेलं आलं, कॅल्शियम खाली! नळीतलं ईडीटीए पोटॅशियमचा क्षार असतं ना. त्या आजींना पुन्हा सुई टोचावी लागली. अजून वाईट वाटतं.

डीएमएलटी, म्हणजे मेडिकल लॅब टेक्नॉलॉजीचा डिप्लोमा, किंवा याच विषयाच्या बीएस्सीला हेच शिकवतात. नर्सिंग, फिजिओथेरपी, रेडिओग्राफी हेही रस्ते आहेतच. प्रवेशाआधी कॉलेजची मान्यता तपासा आणि प्रॅक्टिकल कुठल्या हॉस्पिटलमध्ये होतं, हे नक्की विचारा. हात तिथेच तयार होतो.

लॅबच्या शिक्षणाबद्दल काहीही विचारायचं असेल तर कमेंटमध्ये लिहा. ड्युटी संपली की उत्तर देते.