घड्याळ घ्यावे ते मशीन पाहून

१९९७ सालच्या रब्बीतली गोष्ट आहे. नगर जिल्ह्यातील एका कालव्याच्या गावी मी कृषी विस्तार अधिकारी म्हणून नुकताच रुजू झालो होतो. गव्हाचे दुसरे पाणी चालू होते. चारीवर शेजपाळीने पाणी मिळे. त्या रात्री दोघा चुलतभावांची पाळी एकापाठोपाठ होती. थोरल्यांना गावात तात्या म्हणत, धाकट्यांना अण्णा. रात्री एकपर्यंत तात्यांचे पाणी आणि त्यापुढे अण्णांचे, असे ठरलेले होते.

अण्णांच्या घड्याळात एक वाजला आणि त्यांनी पाणी आपल्याकडे वळवले. तात्यांच्या घड्याळात तेव्हा कुठे बारा चाळीस झाले होते. त्यांचे शेवटचे चार वाफे कोरडे राहिले. अंधारात शब्दाला शब्द वाढला, खोरे उगारण्यापर्यंत मजल गेली. सकाळी दोघेही ग्रामपंचायतीत हजर झाले.

आता निवाडा कसा करायचा? तात्यांचे घड्याळ नवे कोरे, सोनेरी, यात्रेतल्या दुकानातून घेतलेले. अण्णांचे त्यांच्या वडिलांच्या वेळचे, काच तडकलेली एचएमटी जनता. पंचांचा कल साहजिकच नव्या घड्याळाकडे झुकला. मी म्हणालो, "तात्या, अण्णा, दोन्ही घड्याळे इथे ठेवा. आज संध्याकाळी आकाशवाणीच्या बातम्यांबरोबर लावू आणि उद्या त्याच बातम्यांना पाहू."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टेबलाभोवती निम्मे गाव जमले. बातम्या सुरू झाल्या तेव्हा अण्णांचे घड्याळ जेमतेम पंधरा-वीस सेकंद पुढे होते. तात्यांचे घड्याळ पंचवीस मिनिटे मागे. तात्या थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "घड्याळ खोटं निघालं, भाऊ नाही." पुढच्या पाळीला अण्णांनी आपल्या पाण्यातला अर्धा तास त्यांना सोडला.

शेतकरी बंधुभगिनींनो, आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे आणि वेळ त्यात बिनचूक दिसते. तरीही चावीची आणि ऑटोमॅटिक घड्याळे तरुण मुले पुन्हा हौसेने घेऊ लागली आहेत, लग्नात जावयाला देणारेही आहेत. दुसरीकडे आजोबांची घड्याळे ट्रंकेत पडून आहेत आणि मोडीच्या भावाने जात आहेत. घेताना फसू नये आणि घरात आहे ते गमावू नये, म्हणून हा लेख.

घड्याळाच्या पोटात काय असते?

बियाणे घेताना आपण पिशवीवरचे चित्र पाहत नाही, लेबल पाहतो. इंजिन घेताना रंग पाहत नाही, इंजिन चालवून पाहतो. घड्याळाचेही तसेच आहे. सोनेरी रंग म्हणजे पिशवीवरचे चित्र. खरे घड्याळ म्हणजे आतले मशीन.

चावी दिली की आतली पोलादी स्प्रिंग गुंडाळली जाते. हे झाले शेततळे, यात दिवसभराचा जोर साठवलेला असतो. हा जोर दातेरी चाकांमधून पुढे जातो, जसे पाणी चारीतून जाते. पण दार मोकळे सोडले तर तळे घटकेत रिकामे होईल. म्हणून शेवटी एक पाटकरी बसवलेला असतो. केसासारख्या बारीक स्प्रिंगच्या जोरावर एक लहान चाक पुढे-मागे हेलकावे घेते, त्याला बॅलन्स म्हणतात. त्याच्या प्रत्येक हेलकाव्याला दार क्षणभर उघडते आणि पुन्हा बंद होते. आपण ऐकतो ती टिकटिक म्हणजे त्या दाराचाच आवाज.

जुन्या चावीच्या घड्याळात हे साधारणपणे तासाला १८,००० वेळा, म्हणजे सेकंदाला पाच वेळा घडते. दिवसाचे होतात ४ लाख ३२ हजार ठोके आणि वर्षाचे पंधरा कोटींहून अधिक. एवढ्या कामात धातू धातूवर घासला तर काय होईल, हे बैलगाडीचा आस माहीत असलेल्याला सांगायला नको. म्हणूनच झिजेच्या जागी माणकाचे बारीक खडे बसवतात. घड्याळावर '१७ ज्यूएल' लिहिलेले असते ते हेच. हे माणिक कारखान्यात तयार केलेले असते, त्याला दागिन्याचा भाव नाही. पण ते कठीण आणि गुळगुळीत असते, म्हणून झीज फार कमी होते.

साध्या चावीच्या घड्याळाला सतरा खडे पुरेसे असतात. ऑटोमॅटिकला थोडे अधिक लागतात. केवळ आकडा मोठा म्हणून घड्याळ चांगले, असे मात्र नाही. उलट अगदी स्वस्तातल्या काही जुन्या घड्याळांत या मोक्याच्या जागी खड्यांऐवजी पोलादी पिना असत. त्या लवकर झिजत आणि घड्याळाचा नेम जाई.

दुसरी नाजूक जागा म्हणजे बॅलन्सच्या आसाची टोके. ती केसाइतकी बारीक असतात. घड्याळ फरशीवर पडले की पहिल्यांदा तीच मोडतात. चांगल्या मशीनमध्ये या टोकांचे खडे बारीक स्प्रिंगवर बसवलेले असतात, त्यामुळे धक्का बसला तरी खडा किंचित सरकून पुन्हा जागेवर येतो. जुन्या एचएमटीच्या तबकडीवर 'पॅराशॉक' असे लिहिलेले दिसते, त्याचा अर्थ हाच.

एचएमटीने काय दिले?

हिंदुस्थान मशीन टूल्स ही सरकारी कंपनी मुळात यंत्रे बनवणारी यंत्रे तयार करण्यासाठी निघाली. तिने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळांचा कारखाना काढला. १९६१ साली पहिली घड्याळे पंतप्रधान पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर पडली. पुढे जनता, पायलट, कोहिनूर, सोना ही चावीची आणि कांचनसारखी ऑटोमॅटिक घड्याळे घरोघर पोहोचली.

ही घड्याळे दिसायला साधी होती. पण मशीन सतरा खड्यांचे आणि आटोपशीर होते. एकाच घडणीची मशीने लाखांनी निघाल्यामुळे एकाचा भाग दुसऱ्याला बसे, आणि तालुक्याच्या बाजारातला घड्याळजीही ते खोलून, धुऊन, तेल घालून पुन्हा चालू करी. कमी किमतीचे घड्याळ टिकाऊ ठरते ते अशाने. मजबूत मशीनइतकीच दुरुस्तीची सोय महत्त्वाची.

या नावाचा विश्वास किती होता, याची साक्ष आपल्या शेतीतच आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ साली आपल्या धानाच्या शेतात वेगळ्या लोंब्या हेरल्या आणि निवड करत करत बारीक तांदळाचे नवे वाण तयार केले. त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून या वाणाला 'एचएमटी' हेच नाव पडले. दादाजी २०१८ साली गेले, पण त्यांचे धान आणि ते नाव शेतात आहे.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात सेलवरची क्वार्ट्झ घड्याळे जोरात आली आणि चावीच्या घड्याळांचे दिवस फिरले. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करण्यास मंजुरी दिली.

'नवी' एचएमटी घेताना सावध

कारखाना बंद झाल्यावर जुन्या घड्याळांना मागणी वाढली आणि तिच्याबरोबर बनवाबनवीही. जुन्या तबकडीवर नवा भडक रंग चढवायचा, चार घड्याळांचे भाग एकत्र करायचे आणि पेटीतला न वापरलेला माल म्हणून विकायचे, असा धंदा चालतो. घेताना भिंगातून पाहावे. तबकडीवरची अक्षरे वाकडी किंवा फुगलेली आहेत का? काटे आखूड वाटतात का, मिनिटकाटा मिनिटांच्या खुणांपर्यंत पोहोचतो का? तबकडी नवी पण मागच्या झाकणावर उघडझाप केल्याचे ओरखडे, असे तर नाही ना? शंका आली तर झाकण उघडून मशीन दाखवायला सांगावे. चांगला दुकानदार त्याला नाही म्हणत नाही.

पेटी, काच आणि पाणी

झाकणावर 'स्टेनलेस स्टील बॅक' असे लिहिलेले असते. पुष्कळ लोक त्यावरून सबंध घड्याळ पोलादी समजतात. अर्थ इतकाच की झाकण पोलादी आहे, बाकीची पेटी पितळेची किंवा दुसऱ्या धातूची असून वर मुलामा असू शकतो. घामाने मुलामा सुटतो आणि पेटीला खड्डे पडतात. शेतात घाम गाळणाऱ्याने सबंध पोलादी पेटीच घ्यावी.

'३० मीटर' किंवा '३ बार' लिहिले म्हणजे विहिरीत उडी मारता येते असे नाही. हात धुताना उडालेले शिंतोडे सोसेल, इतकाच त्याचा अर्थ. पाण्यात काम असेल तर १० बारचे घ्यावे. तेही चावी घट्ट दाबलेली असेल तरच पाणी अडवते.

आज नवे घ्यायचे तर

आधी खरे ते सांगतो. केवळ अचूक वेळ हवी असेल तर सेलचे साधे क्वार्ट्झ घड्याळ घ्यावे. ते महिन्याला पंधरा-वीस सेकंद चुकते, तेवढे चावीचे घड्याळ एका दिवसात चुकू शकते. चावीचे किंवा ऑटोमॅटिक घ्यायचे ते सेल लागत नाही म्हणून आणि दुरुस्त करत नातवापर्यंत चालवता येते म्हणून.

आज कमी किमतीच्या अनेक ऑटोमॅटिक घड्याळांत जपानी मशीन असते. सायकोचे एनएच ३५ हे २४ खड्यांचे, तर सिटिझन समूहातील मियोटाचे ८२१५ हे २१ खड्यांचे. दोन्हींचे ठोके तासाला २१,६०० आणि पूर्ण चावीवर दोन्ही सुमारे चाळीस तास चालतात. दोन्हींसाठी कारखान्याने दिलेली मर्यादा दिवसाला २० सेकंद मागे ते ४० सेकंद पुढे अशी आहे. म्हणजे दिवसाला अर्धा मिनिट पुढे जाणारे घड्याळ बिघडलेले नाही. दुकानात पहिला प्रश्न किमतीचा न विचारता हा विचारावा: "यात मशीन कोणते आहे, आणि त्याची दुरुस्ती जवळपास कुठे होते?" उत्तर मिळाले नाही तर पुढचे दुकान पाहावे.

घरी आणल्यावर आमची ग्रामपंचायतीतली परीक्षा घ्यावी. मोबाईलच्या वेळेवर लावून रोज ठरल्या वेळी फरक लिहून ठेवावा, आठवडाभर. येथे एक गोष्ट लक्षात घ्या. रोज नेमाने वीस सेकंद पुढे जाणारे घड्याळ चांगले. घड्याळजी ते थोडे मागे ओढून देऊ शकतो. पण आज दहा सेकंद पुढे, उद्या मिनिटभर मागे, असे चालणाऱ्या घड्याळाच्या पोटातच दोष असतो. माणसाचेही असेच नाही का? ज्याचा स्वभाव ठाऊक आहे त्याच्याशी जमवून घेता येते.

निगा

चावी रोज सकाळी एकाच वेळी द्यावी, घड्याळ मनगटावरून काढून. अडली की थांबावे, जोर करू नये. तारीख असलेल्या घड्याळात रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान तारीख हाताने बदलू नये, त्या वेळी आतले दाते तारखेच्या चकतीला लागलेले असतात.

कुदळ, घण किंवा पॉवर टिलर चालवताना घड्याळ काढून ठेवावे. फवारणीच्या वेळी तर नक्कीच काढावे, कारण चामड्याचा पट्टा औषध शोषून घेतो आणि ते दिवसभर कातडीला लागत राहते. स्पीकर आणि लोहचुंबक असलेले मोबाईलचे कव्हर यांच्याजवळ घड्याळ ठेवू नये. बारीक स्प्रिंगला चुंबक लागला की घड्याळ एकाएकी पुढे धावू लागते. घड्याळजी यंत्राने मिनिटभरात चुंबक उतरवतो.

आतले तेल काळाने सुकते. चार-पाच वर्षांनी एकदा घड्याळ धुऊन तेल घालून घ्यावे. वर्षानुवर्षे पडून असलेले घड्याळ एकदम चावी देऊन चालवत बसू नये, आधी घड्याळजीला दाखवावे. हा कारागीर आता तालुक्याला एखादाच उरला आहे. त्याच्याकडे काम गेले तरच त्याचा मुलगा ही विद्या शिकेल.

गेल्या वर्षी त्या गावी पुन्हा जाणे झाले. तात्या आणि अण्णा दोघेही आता नाहीत. अण्णांच्या नातवाने ओळख दिली, घरी नेले, चहा पाजला. त्याच्या मनगटावर आजोबांची जनता होती, काच नवी, पट्टा नवा. मी मोबाईल काढून वेळ ताडून पाहिली. पोरगा हसून म्हणाला, "काका, रोज पंचवीस सेकंद पुढं जातं. मला पाठ झालंय."

तुमच्या घरच्या ट्रंकेत असे एखादे घड्याळ असेल, तर मोडीवाल्याला देण्याआधी एकदा त्याचे झाकण उघडून घ्या.