मुखवट्यामागील चेहरा

अमेरिकन चित्रकथांत किशोरवयीन मुलाला प्रथम स्थान मिळाले ते साहाय्यकाचे. १९४० मध्ये बॅटमॅनच्या सोबतीला रॉबिन आला, तो असाच. १९६२ मध्ये ‘स्पायडर-मॅन’ने शाळकरी पीटर पार्करला नायकपद दिले. पुढल्याच वर्षी ‘एक्स-मेन’ अवतरले. समाजाने दूर लोटलेल्यांचे दुःख सांगणारी ही कथा. पण तिच्यातील पाचही विद्यार्थी गोरेच होते.

१९८२ मध्ये ‘न्यू म्यूटंट्स’ या पथकात शायेन जमातीची डॅनी मूनस्टार, व्हिएतनामची कर्मा आणि ब्राझीलचा सनस्पॉट दाखल झाले. पात्रांचे वर्ण बदलले, तरी लेखणी गोऱ्यांच्याच हाती होती. १९९३ मध्ये ड्वेन मॅकडफी आदी कृष्णवर्णीय कलावंतांच्या ‘माइलस्टोन’ संस्थेने ‘स्टॅटिक’ प्रसिद्ध केला. त्याच्या नायकाचे व्हर्जिल हॉकिन्स हे नावच बोलके आहे. वर्णामुळे फ्लॉरिडा विद्यापीठाच्या विधिशाळेत प्रवेश नाकारला गेलेल्या, आणि त्याविरुद्ध झगडलेल्या गृहस्थांचे ते नाव.

पुढे २०११ मध्ये कृष्णवर्णीय पिता व पोर्तोरिकन माता यांचा पुत्र माइल्स मोरालेस ‘स्पायडर-मॅन’ झाला. २०१४ मध्ये जर्सी सिटीतील पाकिस्तानी कुटुंबातली कमला खान स्वतंत्र मालिकेची नायिका झाली. तिच्या निर्मात्यांत पाकिस्तानी वंशाच्या संपादिका सना अमानत होत्या.

स्पायडर-मॅनचा पोशाख नखशिखान्त अंग झाकतो. म्हणून कोणत्याही वर्णाच्या मुलाला त्यात स्वतःला कल्पिता येते, हे खरे. परंतु मुखवटा उतरल्यावरही आपल्यासारखा चेहरा दिसावा, ही त्या मुलाची अपेक्षा तितकीच न्याय्य नव्हे काय?