मुहूर्ताचे गव्हले

भोपाळच्या तुळशीनगरातलं एक मराठी लग्नघर. एप्रिलची दुपार, पडदे ओढलेले. मुहूर्ताचे गव्हले करायला पाच सवाष्णी जमल्या होत्या आणि मध्ये आजी बसल्या होत्या. बारीक रवा दुधात घट्ट भिजवून तासभर ओल्या फडक्याखाली ठेवलेला. आता तुपाचा हात लावून तो चांगला मळला गेला.

आजींनी लिंबाएवढा गोळा डाव्या हातात घेतला. उजव्या चिमटीने दोऱ्यासारखी शेव ओढली, अंगठ्याने तर्जनीवर एकदाच फिरवली आणि दाणा ताटात पडला. मध्ये किंचित फुगीर, दोन्ही टोकांना निमुळता, थेट गव्हासारखा. माझे गव्हले जाड आणि वेडेवाकडे होत होते. "दाबू नकोस गं, नुसतं फिरव," आजी म्हणाल्या. विसाव्या-पंचविसाव्या दाण्याला बोटाला ते कळलं.

असंच बोटांचं काम दूर इटलीतही चालतं. तिथे बारी शहराच्या जुन्या वस्तीत बायका दारात बसून 'ओरेक्किएत्ते' म्हणजे इवलेसे कान वळतात. रव्याच्या वळीचा तुकडा सुरीने ओढायचा आणि अंगठ्यावर उलटवायचा. आपल्याकडे नखाने दाबून करतात ते नखुले त्यांचे सख्खे भाऊ शोभतील. गहूही एकाच जातकुळीचा, ड्युरम. इटलीत सुका पास्ता ड्युरमच्याच रव्याचा हवा, असा कायदा 1967 पासून आहे. माळव्यात हाच गहू मालवी किंवा कठिया म्हणून पिकतो आणि इंदूरचं गहू संशोधन केंद्र 1951 पासून गव्हाच्या वाणांवर काम करतं आहे. भोपाळशेजारच्या सिहोरच्या शरबती गव्हाला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याची पोळी मऊसूत होते, पण आजींना गव्हल्यांसाठी कठियाचाच रवा लागतो. त्याचा दाणा कडक, प्रथिनं भरपूर. वळलेला आकार टिकतो आणि खिरीत लगदा होत नाही.

गव्हले सावलीत, सुती कापडावर वाळत घातले. कडक उन्हात वरचा भाग आधी सुकतो, आत ओल राहते आणि दाणा तडकतो. खीर करताना ते तुपावर परतायचे, आधी पाण्यात शिजवायचे, दूध नंतर.

दोन तासांत सहा जणींचं मिळून एक ताटही भरलं नाही. या कलेला यंत्र लागत नाही, शेजारी बसून शिकवणारं माणूस लागतं. तुमच्या घरी असं माणूस असेल, तर या उन्हाळ्यात त्यांच्याजवळ बसा आणि मूठभर गव्हले स्वतःच्या हाताने वळा.