परिटाची खूण

आळंदीहून निघालेली माउलींची पालखी दिघी, विश्रांतवाडी करीत पुण्यात येते, तेव्हा त्या गर्दीत कोण कुठल्या गावचा आणि कुणाच्या मनात काय सलते आहे, हे विचारण्याच्या भानगडीत कुणी पडत नाही. ज्याचे त्याने विठोबाला सांगावे! पण त्याच रस्त्याकडेच्या इमारतींत, दिवाणखान्यात बसून बोटांनी जो प्रवास चालतो, त्याची तऱ्हा निराळी. तेथे पावलोपावली कुणीतरी वही उघडून बसलेले असते.

समजा, धानोरी रस्त्यावरच्या एखाद्या सोसायटीतले पाच माणसांचे घर आहे. घरात संगणक एकच. दुपारी सूनबाईंनी त्यावर मनातली एक शंका शोधून पाहिली : मूल होण्यासाठी कोणते उपचार असतात? घरात अजून कुणापाशी हा विषय काढलेला नाही. संध्याकाळी सासूबाई त्याच संगणकावर चकलीची कृती पाहायला बसतात, तो चकलीच्या शेजारी जाहिरात झळकते वंध्यत्वावरील उपचारांची! “अगंबाई, हे काय गं मधेच?” सासूबाई सहज विचारतात. आता सुनेने काय उत्तर द्यावे?

ही चहाडी ज्याच्या आधाराने होऊ शकते, त्या वस्तूचे नाव मोठे गोड आहे : कुकी. श्रुसबेरी बिस्किटांवर जीव टाकणाऱ्या पुणेकरांना हे नाव आवडावे. पण या कुकीत लोणी-साखर काही नाही. ती असते अक्षरे आणि आकडे यांची एक चिठ्ठी, फार तर चार हजार अक्षरांची.

तिचे काम समजण्यासाठी आपल्या परिटाला आठवा. तो कपड्याच्या कोपऱ्यात काळ्या शाईने एक बारीकशी खूण करतो. कपडा राहतो आपल्या कपाटात. खुणेचा अर्थ मात्र परिटाला ठाऊक. संकेतस्थळाचेही तसेच. मुळात त्याला स्मरणशक्ती नाही. एक पान दाखवले की ते आपल्याला विसरले! म्हणून १९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली या तरुण अभियंत्याने युक्ती काढली. संकेतस्थळाने आपल्या ब्राउझरकडे एक चिठ्ठी ठेवायला द्यावी आणि पुढच्या खेपेस ब्राउझरने ती दाखवावी. दुकानात निवडलेली साडी पिशवीत टिकून राहते, बँकेच्या एका पानावरून दुसऱ्या पानावर जाताना पुन्हा पुन्हा परवलीचा शब्द द्यावा लागत नाही, ते या चिठ्ठीमुळेच. येथवर सारे सोयीचेच आहे.

घोटाळा होतो तो तिऱ्हाइताच्या कुकीमुळे. अशी कल्पना करा, की वाणी, शिंपी आणि औषधवाला या तिघांच्याही दुकानात कोपऱ्यात एकाच जाहिरात कंपनीचा माणूस बसला आहे. वाण्याकडे त्याने तुमच्या पिशवीवर आपली खूण केली. मग शिंप्याकडे, औषधवाल्याकडे ती खूण पाहून तो आपल्या वहीत नोंद करत राहिला. तुमचे नाव त्याला कदाचित ठाऊक नसेल. पण आवड, आजार, अडचण सारे त्याच्या वहीत चढले. यालाच थर्ड-पार्टी कुकी म्हणतात.

आमच्या घरात लपवण्यासारखे आहे तरी काय, असे कुणी म्हणेल. पण अब्रूदार घरालाही दाराला कडी असतेच की! सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले, की खाजगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. त्यातले प्रमुख निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड हे मूळचे आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या कनेरसरच्या घराण्यातले. पुढे २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. संमती स्वखुशीची हवी, ती मागे घेणे देण्याइतकेच सोपे हवे आणि संमतीची सूचना मराठीतूनही वाचता यावी, असे तो म्हणतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. कंपन्यांवरची मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची, असे त्यांत ठरले. कायदा आपल्या चालीने येईल. तोवर कडी लावणे आपल्या हाती आहे.

सफारी ब्राउझर २०२० पासून तिऱ्हाइताच्या कुकीला आपण होऊनच अडवतो. फायरफॉक्सही तिला एका संकेतस्थळावरून दुसऱ्यावर माग काढू देत नाही. क्रोम बंद करणार, बंद करणार म्हणून गाजला. पण २०२४ मध्ये गूगलने तो बेत फिरवला. तेव्हा क्रोम वापरणाऱ्यांनी सेटिंग्जमध्ये शिरून थर्ड-पार्टी कुकीज स्वतःच बंद कराव्यात. क्वचित एखादे संकेतस्थळ रुसेल. तेवढ्यापुरती त्याला सूट द्यावी.

पडद्यावर संमतीची पाटी आली, की ‘सर्व स्वीकारा’चे ठळक बटन दाबण्याची घाई नको. ‘नाकारा’चे बटन शेजारीच, बहुधा फिकट रंगात असते. फ्रान्समध्ये स्वीकार सोपा आणि नकार अवघड ठेवल्याबद्दल गूगलला १५ कोटी युरोंचा दंड झाल्याचे २०२२ च्या जानेवारीत जाहीर झाले, ते उगाच नव्हे.

घरात संगणक एक असला, तरी प्रत्येकाचे खाते वेगळे करून द्यावे. नाजूक विषय शोधताना खाजगी खिडकी उघडावी. ती बंद करताच तिच्यातल्या कुकीज पुसल्या जातात. मात्र इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीपासून त्याने काही लपत नाही. परक्या संगणकावर काम झाले, की ‘लॉग आउट’ केल्याशिवाय उठू नये. चालू खात्याची कुकी दुसऱ्याच्या हाती पडणे म्हणजे किल्ली कुलपातच विसरणे. मोबाइलवरची ॲप्स जाहिरातीसाठी निराळाच ओळख-क्रमांक वापरतात; अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये जाहिरातींच्या सदरात तो पुसून टाकता येतो.

दिवाळीत माळा झाडतो, डबे घासतो. तशा एकदा साठलेल्या कुकीजही पुसून टाकाव्यात. त्यानंतर सगळीकडे नव्याने परवलीचा शब्द द्यावा लागेल, म्हणून ते आधी वहीत टिपून ठेवा. आणि आजोबांच्या मोबाइललाही हात लावण्यापूर्वी त्यांना विचारा. खाजगीपणा त्यांचाही आहे!