अर्ध्या मिलिमीटरचं शिंगरू

राजस्थानात बिकानेरला 19 मे 2023 या दिवशी एका घोडीला शिंगरू झालं. मादी शिंगरू, वजन 23 किलो, तब्येत ठणठणीत. आता घोडीला शिंगरू झालं यात बातमी कसली, असं कुणीही विचारेल. बातमी अशी, की जिच्या पोटी ते जन्मलं ती त्याची खरी आई नव्हतीच! आई होती दुसरी एक मारवाडी घोडी. तिच्या गर्भाशयातून साडेसात दिवसांचा भ्रूण काढून तो या दुसरीच्या गर्भाशयात सोडला होता. राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या बिकानेरच्या शाखेतल्या शास्त्रज्ञांनी हे घडवलं. मारवाडी घोड्यांमध्ये असा जन्म देशात पहिलाच, म्हणून शिंगराचं नाव ठेवलं राज-प्रथमा.

उसनी कूस ही गोष्ट आता घराघरांत ऐकून माहीत आहे. पण घोडीच्या बाबतीत खरी कसोटी असते ती काढण्याच्या आणि सोडण्याच्या मधल्या थोड्या वेळात. काचेच्या बशीत पडलेला तो ठिपका जगेल की नाही, हे ओळखायचं कसं?

एका वेळी एकच

गायीला इंजेक्शनं देऊन एकाच वेळी अनेक बीजं पिकवता येतात. घोडी मात्र त्या इंजेक्शनांना फारशी दाद देत नाही. साधारण 21 दिवसांच्या चक्रात तिचं बहुधा एकच बीज तयार होतं. सातव्या-आठव्या दिवशी नळीनं कोमट, निर्जंतुक द्राव आत सोडून गर्भाशय धुतात. बाहेर आलेला द्राव बारीक जाळीतून गाळतात आणि तळाशी उरलेलं सूक्ष्मदर्शकाखाली शोधतात. मिळाला तर एक भ्रूण, नाही तर काहीच नाही. म्हणूनच प्रत्येक भ्रूण लाखमोलाचा.

गंमत म्हणजे पहिली परीक्षा निसर्गानंच घेतलेली असते. घोडीचं न फळलेलं बीज सहसा गर्भनलिकेतच अडकून राहतं. फळलेला भ्रूण स्वतःच एक रसायन सोडतो, नलिकेची वाट मोकळी होते आणि सहाव्या दिवसाच्या सुमारास तो गर्भाशयात उतरतो. म्हणजे जो तिथवर पोचला, त्यानं आपली धमक थोडीफार दाखवलेलीच असते!

एक ते चार

पुढची परीक्षा माणसाच्या डोळ्यांची. भ्रूण नीट गोल आहे का? रंग सगळीकडे सारखा आहे का? पेशी एकमेकींना घट्ट धरून आहेत, की काही सुटून बाजूला पडल्या आहेत? वयाच्या मानानं वाढ झाली आहे का? सातव्या दिवशी तो अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो आणि आठव्या दिवशी खसखशीच्या दाण्याएवढा होतो. आठ दिवसांचा म्हणून काढलेला भ्रूण फारच लहान निघाला, तर शंकेला जागा असते.

यावरून त्याला 1 ते 4 अशी श्रेणी देतात. एक म्हणजे उत्तम, चार म्हणजे मेलेला. कधी कधी चपटं, न फळलेलं बीजच बशीत येतं आणि नवखा त्यालाच भ्रूण समजून बसतो. संशोधनासाठी रंगद्रव्य वापरून मेलेल्या पेशीही मोजता येतात. पण रोजच्या कामात भरवसा असतो तो सरावलेल्या नजरेवरच.

आणि ही नजर सगळंच पाहू शकत नाही. वयस्क घोडीचा भ्रूण दिसायला देखणा असूनही पुढं टिकत नाही, असं बरेचदा होतं. शिवाय निम्मी भिस्त सांभाळणाऱ्या घोडीवर. तिचं बीज खऱ्या आईच्या बीजाच्या आगेमागेच सुटलेलं हवं. फार तर एक दिवस आधी किंवा दोन-तीन दिवस नंतर. आत गेलेला भ्रूण सोळाव्या दिवसापर्यंत गर्भाशयभर हिंडत राहतो. जणू ‘मी आलोय’ अशी वर्दी देत फिरतो! ही वर्दी पोचली नाही, तर घोडी पुन्हा माजावर येते. म्हणून बाराव्या ते चौदाव्या दिवशी सोनोग्राफी करतात. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास हृदयाचा ठोका दिसतो. मग उरतात ते वाट पाहण्याचे महिने. घोडी सुमारे अकरा महिने गाभण असते.

भ्रूण गोठवून ठेवणं आणखी अवघड. सातव्या दिवसापर्यंत त्याच्याभोवती एक चिवट कवच तयार होतं आणि थंडीपासून वाचवणारं औषध त्यातून आत शिरत नाही. त्यामुळे लहानात लहान भ्रूण निवडतात किंवा बारीक सुईनं त्याच्या आतलं पाणी काढून घेतात. जपाननं 1982 मध्ये गोठवलेल्या भ्रूणापासून शिंगरू जन्माला घातलं. बिकानेरलाही 2024 मध्ये हे साधलं.

हा खटाटोप कशासाठी?

बंगळूरपासून पुण्यापर्यंतच्या रेसकोर्सवर धावणाऱ्या थरोब्रेड घोड्यांना याचा उपयोग नाही, कारण नैसर्गिक जोडीतून झालेल्या शिंगराचीच त्यांच्या वंशावळीत नोंद होते. गरज आहे ती देशी घोड्यांना. 2012 च्या पशुगणनेत देशात सव्वासहा लाख घोडे आणि तट्टं होती. 2019 मध्ये उरली 3 लाख 40 हजार. मराठ्यांच्या फौजा ज्यांच्या पाठीवरून दौडल्या त्या आपल्या भीमथडी घोड्याला स्वतंत्र जात म्हणून सरकारी नोंद मिळाली, तीही अलीकडेच. नामी घोडी म्हातारी झाली किंवा तिला गर्भ पेलेनासा झाला, तर तिचं वाण तिच्याबरोबरच संपतं. ते उसन्या कुशीत वाचू शकतं.

तापीकाठच्या सारंगखेड्याच्या यात्रेत गिऱ्हाईक घोड्याचे दात, चाल आणि अंगावरचे भोवरे पाहून सौदा करतं. उद्या याच घोडीवाल्यांपुढे भ्रूणाचाही सौदा आला, तर विचारायचे प्रश्न वेगळे असतील. आईचं वय काय? भ्रूण कितव्या दिवशी काढला आणि श्रेणी कोणती मिळाली? सांभाळणाऱ्या घोडीचं बीज कधी सुटलं? पैसे कधी द्यायचे, भ्रूण सोडल्यावर की ठोका दिसल्यावर? कारण पहिली श्रेणी म्हणजे चांगली आशा, शिंगराची हमी नव्हे. हमी फक्त अकरा महिन्यांनी, चार पायांवर उभी राहिलेली दिसते.