मेपलचे झाड आणि आंबट पाऊस



साखर फक्त उसापासूनच होते असे नाही. अमेरिकेच्या ईशान्य भागात शुगर मेपल नावाचे झाड आहे. त्याच्या खोडाला भोक पाडून गोड रस काढतात आणि आपण काकवी करतो तसा तो आटवतात. या झाडांवर धुराने काय संकट आणले, ते आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

न्यू हॅम्पशायर राज्यातील हबर्ड ब्रुक जंगलात १९६३ साली जीन लायकेन्स आणि सहकाऱ्यांनी पावसाचे पाणी तपासले. ते स्वच्छ पावसापेक्षा कितीतरी पट आंबट निघाले. कोळशाच्या धुरातील गंधकाचे हवेत आम्ल होऊन ते पावसाबरोबर खाली येत होते.

खरा मार बसला तो मातीला. आम्लामुळे जमिनीतले कॅल्शियम विरघळून ओढ्यावाटे वाहून गेले. मेपलची झाडे खंगू लागली. १९९० च्या कायद्याने धुरातले गंधक आणखी घटले, पण गेलेले कॅल्शियम काही लगेच परत येईना. अखेर १९९९ साली सुमारे २९ एकर जंगलावर हेलिकॉप्टरने कॅल्शियमयुक्त खनिज टाकले. पुढे काही वर्षांत मेपलची रोपे जोमाने वाढली, मोठ्या झाडांचे शेंडेही भरले.

आपल्या काळ्या जमिनीत चुनखडी बहुधा भरपूर असते. तेव्हा हे वाचून कोणी शेतात चुना टाकू नये! सांगायचे एवढेच, की जमिनीच्या खात्यातली शिल्लक नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही, ती मोजावी लागते. म्हणून लागणीपूर्वी माती तपासून घ्यावी, ही विनंती.