अधांतरी धूळ

संगणकाच्या चिप्स कोरण्याच्या कक्षांत, जेथे विरळ वायूवर १३.५६ मेगाहर्ट्‌झचे विद्युत्क्षेत्र लावून प्लाझ्मा प्रज्वलित करतात, तेथे सिलिकॉनच्या चकत्या नासवणारी धूळ बाहेरूनच दाखल होते, असा कारखानदारांचा समज होता. परंतु १९८०च्या दशकाच्या अखेरीस आयबीएममधील गॅरी सेल्विन यांनी लेसरचा झोत आत सोडला, तेव्हा ती खुद्द प्लाझ्मात जन्मते, चकतीवर अधांतरी तरंगते आणि वीज बंद होताच खाली उतरते, असे उघडकीस आले. सारा बंदोबस्त दाराशी आणि चोर घरातच!

प्लाझ्मातील इलेक्ट्रॉन तेथील आयनांहून कितीतरी चपळ असल्यामुळे कणावर प्रथम तेच आदळतात. त्यायोगे काही मायक्रॉन व्यासाचा कण हजारो इलेक्ट्रॉनांचा ऋणभार बाळगू लागला, की खालच्या विद्युदग्रालगतच्या आवरणातील क्षेत्र त्याला उचलून धरते व गुरुत्वाकर्षणाचा हिशेब चुकता होतो. अशा कणांतील परस्पर अपसारण त्यांच्या औष्णिक चांचल्यावर पुरेशी मात करील, तर ते स्फटिकासारखी रचना धारण करतील, हे भौतिकशास्त्रज्ञ इकेझी यांनी १९८६ साली वर्तवले होते. १९९४ साली जर्मनी, तैवान व जपान येथील संशोधकांनी ती प्रत्यक्ष दाखवली. कणाकणांतील अंतर मिलिमीटरच्या अंशाएवढे असल्याने ही षट्कोनी जाळी साध्या कॅमेऱ्यानेही टिपता येते, हे तिचे विशेष अप्रूप.

२००१पासून आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकावर हेच प्रयोग भारहीन अवस्थेत झाले; तेथे गुरुत्वाकर्षणाचा अंमल सुटल्यावर, बाहेर वाहणाऱ्या आयनांच्या रेट्याने कणमेघाच्या मध्यभागी धूळरहित पोकळी पडलेली आढळली.